भरतीची काठी: सहावी ते आठवीच्या मुलांसाठी धक्क्यावरचं विज्ञान आणि गणित

किनाऱ्यावरच्या वाड्यांमध्ये एक जुना हिशेब चालत आला आहे. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा वाजता. जाळी टाकणाऱ्या घरातल्या मुलाला हा हिशेब तोंडपाठ असतो. तेच मूल शाळेत चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत असल्याचं चित्र काढतं आणि त्याला गुण मिळतात. पण घरचा हिशेब आणि वहीतलं चित्र ही एकाच पाण्याची गोष्ट आहे, हे त्याला कुणी दाखवत नाही.

इथे दिलेला प्रयोग एका पंधरवड्याचा आहे. मुलं स्वतः मोजपट्टी बनवतात, धक्क्यावर उभी करतात आणि पाऊणपटीचा नियम आपल्या गावात किती खरा ठरतो ते तपासतात. अपूर्णांक, ऋण संख्या, सरासरी, गुणोत्तर, आलेख, वेळेची बेरीज-वजाबाकी हे सगळं त्यात कामापुरतं येतं. शिक्षकाच्या खिशात याचं तयार उत्तर नसतं, आणि हीच या प्रयोगाची खरी ताकद आहे. केलेला अंदाज बरोबर की चूक, ते उद्याचं पाणी सांगतं.

जागा आणि वेळ

उघडी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, यासाठी बिनकामाची. तिथे लाट फुटते आणि पाणी नेमकं कुठे आहे हेच ठरत नाही. खाडीतला धक्का, जेटी किंवा जुन्या पुलाजवळचा बांधीव काठ निवडा. पाहायच्या गोष्टी दोन: उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीच्या) दिवसांतल्या ओहोटीलाही काठीच्या पायाशी पाणी राहिलं पाहिजे, आणि मुलांना वरून, पाण्यात न उतरता, आकडे वाचता आले पाहिजेत. पहिली गोष्ट तपासायला अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी साडेपाच-सहाला एक फेरी मारा. तेव्हा सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, असते. चिखल उघडा पडलेला दिसला तर जागा बदला, नाहीतर वहीत अर्धे दिवस 'कोरडी' एवढंच लिहावं लागेल.

धक्का ज्यांच्या वापरात आहे त्यांना आधी विचारा: ग्रामपंचायत, मच्छीमार सोसायटी, बंदराचा कर्मचारी. होड्या लागतात त्या बाजूला काठी बांधली तर पहिल्याच दिवशी मोडेल.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर मुलांना धक्क्यावर न्यायचं नाही, यात सूट नाही. थंडीच्या दिवसांतही चार-पाच मुलांमागे एक मोठं माणूस, कडेला बसून वाचणाऱ्या मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट, आणि पायात मागे पट्टा असलेली चप्पल. शेवाळावर पाय घसरतो, आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.

काठी बनवणं

साडेतीन ते चार मीटर लांब सरळ सोट लागतो. पोफळीचा चालतो, दोन इंची पीव्हीसी पाइपही चालतो, पण त्याची खालची-वरची दोन्ही तोंडं उघडी ठेवा, म्हणजे पाणी आत शिरतं आणि पाइप वर उचलला जात नाही. बांबू टाळा. आतल्या पोकळ पेऱ्यांमुळे तो तरंगायला बघतो आणि दोऱ्या सैल करतो.

१. सोटाला पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन हात द्या. पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा.

२. खालच्या टोकाला शून्य धरून दर १० सेंटिमीटरला आळीपाळीने काळा आणि पांढरा पट्टा रंगवा. पूर्ण मीटरच्या जागी लाल पट्टा. प्रत्येक १० च्या मधोमध एक बारीक रेघ, म्हणजे ५ पर्यंत वाचता येतं आणि त्याच्या आतला अंदाज डोळ्यांनी करता येतो.

३. आकडे किमान ६ सेंटिमीटर उंच काढा. स्केच पेन किंवा मार्करने काढलेले आकडे दोन-तीन दिवसांत फिके पडतात.

४. धक्क्याच्या खांबाला नायलॉनच्या दोरीने निदान तीन जागी आवळून बांधा. काठी सरळ उभी आहे ना हे ओळंब्याने दोन बाजूंनी पाहा.

सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. काठी चौथ्या-पाचव्या दिवशी हळूच सात-आठ सेंटिमीटर खाली सरकते, कुणाच्या लक्षात येत नाही आणि पुढची सगळी मापं फसतात. म्हणून बांधल्याबरोबर धक्क्याच्या काँक्रीटवर रंगाची एक आडवी खूण करा. त्या खुणेपासून काठीवरच्या ३ मीटरच्या लाल पट्ट्यापर्यंतचं अंतर मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. रोज आल्यावर पहिलं काम हे अंतर मोजण्याचं. ते बदललं असेल तर काठी हलवू नका. जेवढा फरक पडला तेवढा त्या दिवसापासूनच्या आकड्यांत मिळवा किंवा वजा करा. अधिक की उणे, हे मुलांनाच ठरवू द्या. काठी खाली सरकली की पाण्याचा आकडा जास्त दिसतो, म्हणून वजा करायचं. सातवीच्या वर्गात यावर अर्धा तास वाद होतो आणि तो व्हायलाच हवा.

काठी उभी करणं शक्यच नसेल तर धक्क्याच्या खुणेवरून टेपला वजन बांधून खाली सोडा आणि वरून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. मग पाणी चढलं की आकडा घटतो. खुणेला शून्य मानलं तर हे सगळे आकडे ऋण, आणि −१२० पेक्षा −८० मोठा का, हे तिथे सांगावं लागत नाही.

हलणारं पाणी वाचायचं कसं

खाडीतही पाणी शांत नसतं. एखादी होडी गेली की काठीवर १०-१५ सेंटिमीटर वरखाली होतं. एका नजरेत दिसलेला आकडा लिहायचा नाही. एकाने ३० सेकंद पाणी बघायचं, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा सांगायचा. दोन्हींची सरासरी हे एक वाचन. अशी तीन वाचनं, त्यांची सरासरी वहीत. तीन वाचनांत ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर दोन मिनिटं थांबून पुन्हा.

चौघांचा गट पुरतो: एक वाचणारा, एक घड्याळ पाहणारा, एक लिहिणारा, आणि एक नुसता बघणारा, ज्याने आकडा आधी मनात वाचून मग पहिल्याशी ताडायचा. दर अर्ध्या तासाने कामं बदला. सगळ्या गटांनी वेळ मोबाइलचीच धरायची. मनगटी घड्याळं पाच-पाच मिनिटं मागे-पुढे असतात.

वहीत खोडरबर चालत नाही. चुकलेला आकडा एका रेघेने छेदायचा, वर नवा लिहायचा, जुना वाचता आला पाहिजे. पुष्कळदा 'चुकलेला' म्हणून खोडलेला आकडाच बरोबर निघतो.

आणि दर फेरीच्या आधी, धक्क्याकडे निघण्यापूर्वी, प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहायच्या: आज पाणी सर्वांत वर किती वाजता असेल आणि काठीवर कितीपर्यंत येईल. चिठ्ठी घडी घालून वहीत ठेवायची. अंदाज लिहून ठेवलेला नसेल तर मूल नुसतं आकडे उतरवतं. लिहिलेला असेल तर ते पाण्याकडे बघतं. हा नियम एकदाही सोडू नका.

भरतीची नेमकी वेळ: इथेच सगळं कौशल्य

मुलांना वाटतं, पाणी सर्वांत वर आलं की घड्याळ बघायचं. ते जमत नाही. पाणी माथ्यावर आल्यावर थबकतं. भरती-ओहोटीतला फरक २ मीटरचा असेल, तर माथ्याच्या अर्धा तास आधी आणि अर्धा तास नंतर पाणी माथ्यापेक्षा जेमतेम ३ सेंटिमीटर खाली असतं. तेवढं तर लाटेतच हरवतं. त्यामुळे तीन गट तीन वेळा सांगतात आणि तिन्ही प्रामाणिक असतात.

उपाय असा: माथ्याची वेळ मोजायचीच नाही. काठीवर एक खूण ठरवायची, चढताना पाणी तिथे कधी पोचलं ते लिहायचं आणि उतरताना पुन्हा तिथे कधी आलं ते लिहायचं. दोन वेळांचा मध्य म्हणजे भरतीची वेळ. खुणेपाशी पाणी वेगाने सरकत असतं, त्यामुळे वेळ नेमकी पकडता येते. नमुन्यासाठी हे आकडे पाहा, पाणी २.७० मीटरपर्यंत चढलं असं धरलं आहे:

२.६० मीटर: चढताना १०:३५, उतरताना १२:२१, मध्य ११:२८
२.५० मीटर: चढताना १०:११, उतरताना १२:४६, मध्य ११:२८ आणि ३० सेकंद
२.४० मीटर: चढताना ९:५३, उतरताना १:०१, मध्य ११:२७

तिन्हींची सरासरी ११:२८. वेळेची सरासरी काढताना मुलं हमखास अडखळतात, कारण १०:३५ ला ती १०.३५ समजतात. आधी सगळं मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत करून घ्या: १०:३५ म्हणजे ६३५, १२:२१ म्हणजे ७४१, बेरीज १३७६, निम्मे ६८८, म्हणजे ११:२८. दुपारचा १:०१ इथे ७८१ होतो, ६१ नव्हे.

खूण माथ्यापासून ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा. फार खालची खूण घेतली तर मध्य एका बाजूला सरकत जातो, कारण खाडीत आत पाणी चढतं भराभर आणि उतरतं रेंगाळत. तुमच्या तीन खुणांचे मध्य ओळीने पुढे-पुढे किंवा मागे-मागे जात असतील तर ती मुलांची चूक नाही, ती खाडीची चाल आहे. ते तसंच लिहून ठेवा.

पंधरवड्याचं वेळापत्रक

रोज जायची गरज नाही. सहा-सात दिवस पुरतात, पण ते पंधरवड्यात पसरलेले हवेत. पौर्णिमा किंवा अमावास्या रविवारच्या जवळपास येईल असा पंधरवडा निवडा आणि तो रविवार 'मोठा दिवस' ठेवा: सकाळी ७ ते संध्याकाळी ६, दर अर्ध्या तासाला एक वाचन, एकूण २३. गट दोन-दोन तासांनी बदलतात. त्या दिवशी भरती दुपारच्या आधी-नंतर येते, त्यामुळे उतरणीचा पूर्ण भाग उजेडात मिळतो.

द्वितीया ते पंचमी भरती दुपारी येते. ते दिवस शाळेशी जुळवावे लागतात. दशमी ते त्रयोदशी ती सकाळी येते, शाळेआधी उरकते. अडचण अष्टमीच्या आसपास: भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला, म्हणजे अंधारात. त्या दिवशी ओहोटी मोजा. ती दुपारी बाराच्या पुढे-मागे येते. तीच युक्ती उलटी चालवायची: उतरताना आणि चढताना एकाच खुणेची वेळ, मध्य काढायचा आणि त्यातून ६ तास १२ मिनिटं वजा करायची. दोन भरत्यांमधलं अंतर सरासरी १२ तास २५ मिनिटं असतं, त्याचं हे निम्मं.

आता पाऊणपटीची परीक्षा

प्रत्येक दिवसासाठी तीन रकाने: नियमाने आलेली वेळ, मोजलेली वेळ, आणि फरक मिनिटांत. मोजलेली वेळ नंतरची असेल तर फरक अधिक, आधीची असेल तर उणे. सगळ्या फरकांची चिन्हांसकट सरासरी काढा. हा तुमचा 'गावाचा फरक'. समुद्राच्या तोंडाशी तो वेगळा येईल आणि खाडीत आत कित्येक किलोमीटर गेल्यावर वेगळा, कारण भरतीला आत पोचायला वेळ लागतो. खाडीच्या तोंडाजवळची आणि आतली अशा दोन शाळांनी एकाच दिवशी मोजलं तर भरती खाडीतून किती वेगाने चढते तेही काढता येतं: दोन धक्क्यांमधलं खाडीच्या वळणाने मोजलेलं अंतर भागिले वेळेतला फरक.

तिथी धरताना एक काळजी. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाची सूर्योदयाची तिथी असते. ती दुपारी बदलू शकते, आणि एखादी तिथी क्षय किंवा वृद्धी झाली तर मोजणीत एक पायरी गळते किंवा दोनदा येते. कॅलेंडरात तिथी संपण्याची वेळ दिलेली असते; भरतीच्या वेळी चालू असलेली तिथी घ्या. एवढ्याने पाऊण तासाची चूक वाचते. कृष्ण पक्षात पुन्हा १ पासून मोजायचं, आणि अमावास्येच्या घरात कॅलेंडरात ३० दिसलं तरी हिशेबात १५.

मग मुलांसमोर हा प्रश्न ठेवा. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती साधारण त्याच वेळी येते. म्हणजे १५ तिथ्यांत भरतीची वेळ घड्याळावर १२ तास फिरून परत जागेवर येते. पंधरा पायऱ्यांत १२ तास, तर एका पायरीला किती? ७२० भागिले १५, म्हणजे ४८ मिनिटं. तासाचा चार-पंचमांश भाग. नियम मात्र तीन-चतुर्थांश सांगतो, ४५ मिनिटं. पंधरा वेळा तीन-तीन मिनिटं, ४५ मिनिटं कमी पडली. ती कुठे गेली? नियमाचा तक्ता पुढे चालवून पाहायला सांगा: पौर्णिमेला ११:१५ आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला १२:४५. एका रात्रीत दीड तासाची उडी! हरवलेली ४५ मिनिटं तिथे दडलेली आहेत. समुद्र अशी उडी मारत नाही.

मग जुन्या लोकांनी चार-पंचमांश का घेतला नाही? एक कारण उघड आहे: पाऊणकी तोंडपाठ होती, चार-पंचमांशाचा पाढा कुणी पाठ करत नसे. दुसरी बाजू मुलांच्या आलेखात दिसते. आडव्या अक्षावर तिथी आणि उभ्या अक्षावर भरतीची वेळ घेतली तर ठिपके सरळ रेषेत बसत नाहीत. उधाणाच्या दिवसांत भरती रोज थोडीच मागे पडते, पाऊण तास किंवा त्याहून कमी. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा, अष्टमी-नवमीनंतर, तीच एका दिवसात तासाहून अधिक मागे पडते. ४८ ही नुसती सरासरी. मोठं पाणी असतं त्याच दिवसांत ४५ जवळचं ठरतं. सरासरी सगळीकडे सारखी लागू पडत नाही, हे समजायला आठवीच्या मुलाला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

मोठ्या दिवसाचा आलेख

आडवा अक्ष १ सेंटिमीटरला अर्धा तास, उभा १ सेंटिमीटरला २० सेंटिमीटर पाणी. दोन चुका जवळपास प्रत्येक वहीत दिसतात. एखादं वाचन चुकून २० मिनिटं उशिरा घेतलेलं असतं, पण ठिपका अर्ध्या तासाच्याच घरात बसवला जातो. आणि ठिपके पट्टीने जोडले जातात. मग भरतीच्या माथ्यावर टोक येतं, जे पाण्याला कधीच नसतं. हाताने सैल वक्र काढायला सांगा, दोन-चार ठिपके वक्राबाहेर राहिले तरी चालतील.

मग बारा भागांचा नियम ताडून पाहा. भरतीपासून ओहोटीपर्यंतच्या वेळेचे सहा सारखे भाग करायचे, प्रत्येक साधारण ६२ मिनिटांचा. उतरणाऱ्या एकूण पाण्याचे बारा भाग धरले तर त्या सहा टप्प्यांत अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग पाणी उतरतं. फरक २ मीटर ४० सेंटिमीटर असेल तर २०, ४०, ६०, ६०, ४०, २० सेंटिमीटर. मुलांचे आकडे याच्याशी तंतोतंत जुळणार नाहीत, पण मधल्या दोन टप्प्यांतच निम्मं पाणी गेलं, हे जवळपास प्रत्येक धक्क्यावर दिसतं. पुळणीवर फिरताना पाणी 'अचानक' मागे येतं म्हणतात ते याच मधल्या दोन तासांत. म्हणून हा आलेख नुसता वहीत ठेवू नका, वर्गाच्या भिंतीवर लावा.

पंधरवड्याच्या शेवटी उधाणाचा फरक आणि भांगाचा फरक यांचं गुणोत्तर काढा. चंद्राची भरती १०० धरली तर सूर्याची साधारण ४६ भरते. दोन्ही एका रेषेत आले की १४६, काटकोनात आले की ५४. गुणोत्तर सुमारे २.७. तुमचं वेगळं येईल, कारण किनाऱ्याचा आकार आणि समुद्रतळाचा उतार यात हात घालतात. सर्वांत मोठं पाणी नेमक्या पौर्णिमेला न येता एक-दोन दिवसांनी आलेलं दिसेल. मुलं घाबरून आकडे 'दुरुस्त' करायला बघतात. करू देऊ नका. पाण्याला चंद्राच्या मागे यायला खरोखरच तेवढा उशीर होतो. त्याच दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, तेही तसंच राहू द्या.

थांबण्याच्या वेळात: खारटपणाची बाटली

दोन वाचनांमधला वेळ मोकळा असतो. त्यात खाडीच्या पाण्याचा खारटपणा मोजता येतो. साधी जाड नळी तरंगवली तर काही कळत नाही: १२ सेंटिमीटर बुडणारी नळी गोड्या पाण्यातून समुद्राच्या पाण्यात नेली तर जेमतेम ३ मिलिमीटर वर येते. अंग मोठं आणि मान बारीक हवी. औषधाची ३० मिलिलिटरची प्लॅस्टिकची बाटली आणि तिच्या झाकणात भोक पाडून बसवलेली, ८ मिलिमीटर जाडीची, रिफिल काढलेली गोल पारदर्शक पेनाची नळी घेतली तर तोच फरक दीड सेंटिमीटरच्या आसपास दिसतो. मिलिमीटर कागदाची पट्टी नळीच्या आत सरकवा.

बाटलीत तळाशी कोरडी वाळू घालत जा. गोड्या पाण्यात नळीचा वरचा २ सेंटिमीटर भाग पाण्याबाहेर राहील इतपत. वाळू घालताना, नंतर सांधे बुजवायला वापरायचा एम-सीलचा गोळा झाकणावर ठेवूनच वजन जमवा. नाहीतर सगळं नीट जमतं, सांधे बुजवले जातात आणि बाटली तळाला जाते, कारण एम-सीलचं वजन कुणी धरलेलंच नसतं. पेनाच्या बाजूचं बारीक भोकही बुजवा.

खुणा करण्यासाठी पाच द्रावणं: मीठ ०, १०, २०, ३०, ४० ग्रॅम, आणि प्रत्येकात पाणी इतकं की एकूण वजन १ किलो होईल. ३० ग्रॅम मिठाला ९७० ग्रॅम पाणी. पूर्ण लिटर नव्हे. स्वयंपाकघरातला १ ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. खुल्या समुद्राचं पाणी किलोला साधारण ३५ ग्रॅमच्या आसपास बसेल. धक्क्यावर भरतीच्या आणि ओहोटीच्या वेळचं पाणी बादलीने काढून तुलना करा. दोन्ही बादल्या आधी अर्धा तास सावलीत ठेवा. उन्हाने दहा अंश तापलेलं पाणी इतकं हलकं होतं की बाटली तीन-चार ग्रॅम मीठ कमी दाखवते. बाटलीला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने पुसून टाका, आणि वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत ठेवा.

शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला; त्या भागातल्या शाळांना याचा पुढचा टप्पाही जमतो. पाणी आटत आटत मूळच्या साधारण दहाव्या हिश्शावर आलं की मीठ पडू लागतं. ताटात ५०० ग्रॅम समुद्राचं पाणी उन्हात ठेवून रोज वजन करा आणि पहिले दाणे कोणत्या वजनाला दिसतात ते टिपा.

तीच युक्ती सूर्यावर

एकाच खुणेच्या दोन वेळांचा मध्य काढणं मुलांना एकदा जमलं की सावली सोपी जाते. १ मीटरची काठी सपाट अंगणात ओळंब्याने उभी करा. सकाळी अकराच्या सुमाराला सावलीच्या टोकावर खूण करा, काठीच्या बुंध्याभोवती त्या अंतराचं वर्तुळ काढा, आणि दुपारी सावली पुन्हा वर्तुळाला कधी टेकते ते पाहा. मध्य म्हणजे तुमच्या गावाची खरी दुपार. रत्नागिरी सुमारे ७३.३ अंश पूर्व रेखांशावर आहे, आपलं घड्याळ ८२.५ अंशांवर चालतं, ९.२ गुणिले ४ मिनिटं, म्हणजे दुपार १२ नंतर सुमारे ३७ मिनिटांनी, त्यात ऋतूप्रमाणे काही मिनिटांचा फेर.

सावलीचं टोक पुसट असतं, १ मीटरच्या काठीला जवळपास १ सेंटिमीटरभर, कारण सूर्य ठिपका नसून अर्ध्या अंशाची थाळी आहे. काठीच्या माथ्यावर ५ मिलिमीटरचं भोक असलेला पुठ्ठा आडवा लावा आणि खऱ्या दुपारी काठीच्या बुंध्यापासून जमिनीवरच्या उजेडाच्या ठिपक्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. २१ मार्चच्या आसपास हे माप अलिबागला सुमारे ३३.७ सेंटिमीटर आणि मालवणला २८.८ सेंटिमीटर यायला हवं. दोन शाळांनी त्याच दिवशी मोजून कोन काढले, उत्तर-दक्षिण अंतर नकाशावरून सुमारे २८६ किलोमीटर घेतलं, तर पृथ्वीचा परीघ निघतो. मात्र यात अर्ध्या सेंटिमीटरची चूक उत्तरात १० टक्के होऊन येते, म्हणून पुठ्ठ्याचं भोक आणि ओळंबा यांत आळस चालत नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सावली दुपारी पूर्ण नाहीशी होते: मालवणला ४-५ तारखेच्या, रत्नागिरीला ७-८ तारखेच्या, अलिबागला १३-१४ तारखेच्या सुमाराला. शाळेला सुट्टी लागलेली असते, त्यामुळे ही मोजणी वाडीवरच्या अंगणात ठरवा. जुलैअखेरीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत ती पुन्हा येते, पण ढगांत जाते.

काठी उतरवताना

शेवटच्या वाचनानंतर काठी काढा, गोड्या पाण्याने धुवा, चिकटलेली कालवं आणि शेवाळ खरवडा. दोरीचा एकही तुकडा पाण्यात राहू देऊ नका. तो होडीच्या पंख्यात अडकतो. काँक्रीटवरची रंगाची खूण मात्र पुसू नका. वहीच्या पहिल्या पानावर त्या खुणेची जागा, काठीचं शून्य तिच्यापासून किती खाली होतं ते, आणि गावाचा फरक चिन्हासकट लिहा. पुढच्या वर्षीचा वर्ग त्याच खुणेवरून मोजेल आणि आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतील.